टिल्बीचं शेवटचं पान

माघ संपत आला होता. दुसऱ्या दिवशी भाईदास मास्तरांना डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी सुरतेला न्यायचं होतं, त्यामुळे ब्राह्मणपुरीच्या त्या घरात सकाळपासून बांधाबांध चालली होती. मास्तरांच्या बायकोने, भिकुबाईंनी, दशम्या भाजल्या, लसणाची चटणी कुटली, अंथरूण-पांघरूण उन्हात टाकलं. नंदुरबारपर्यंत बैलगाडी आणि पुढे आगगाडी असा बेत होता. प्रकाशा गावाजवळ तापीला उतार पडला होता, म्हणजे गाडी पाण्यातून सहज निघणार होती. काळजी करण्यासारखं काही नव्हतं, असं घरातले सगळे एकमेकांना सांगत होते.

मास्तर मात्र ओसरीवर खांबाला टेकून बसले होते आणि त्यांचं एकच चाललं होतं, "अनसू, आज टिल्बी संपवायचा."

"त्या गोराले आते मरू द्या ना!" भिकुबाई चुलीपासून ओरडल्या. "आठ वरीस व्हयनात. तो मरस बी नही, आमले जगू बी देस नही."

"आज मरणार आहे. दुपारपर्यंत," मास्तर म्हणाले. "तू तुझ्या दशम्या बघ."

"मरू दे एकदाचा. मी त्यानं तेरावं घालस."

मास्तर खदखदून हसले. अनुसया हसली नाही. ती दौत भरत होती. शाई दौतीबाहेर सांडली.

हा टिल्बी म्हणजे नॅथन टिल्बी, दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या एका खेड्यात गाडीची चाकं करणारा सुतार. क्रिकेट हा खेळ तेव्हा नुकता कुठे अंग धरत होता. यष्टीला दोनच दांड्या, बॅट विळ्यासारखी वाकडी, आणि चेंडू खांद्याखालून, जवळजवळ जमिनीलगत सोडायचा. टिल्बी असा चेंडू सोडायचा की मोठमोठे सरदार त्याच्यावर पैजा लावत. त्याच्या गावच्या पाद्र्याने त्याचं चरित्र लिहिलं होतं. हिरव्या पुठ्ठ्याचं, जेमतेम नव्वद पानांचं पुस्तक होतं ते.

ते मास्तरांच्या हाती लागलं धडगावात. मास्तर तिथल्या शाळेवर असताना जंगलखात्याच्या एका साहेबाला क्रिकेटचं वेड होतं. त्याने कारकून, रान राखणारे नाकेदार, शिपाई असे अकरा जण गोळा केले आणि डोंगरातल्या एका सपाटीवर खेळ मांडला. मास्तरांना चेंडू फेकता यायचा नाही की मारता यायचा नाही. साहेबाने त्यांच्या हातात वही दिली आणि धावा लिहायला बसवलं. शेजारी बसवला जालमसिंग नाकेदार. त्याला लिहिता येत नव्हतं, पण त्याच्या लोकांत दिवस-वार मोजायला काठीवर खाचा पाडायची रीत होती. तो बांबूच्या काठीवर धावेगणिक एक खाच पाडायचा. ओव्हर संपली की मास्तर वहीतला आकडा मोठ्याने सांगत, जालमसिंग बोटाने खाचा मोजी, आणि दोघांचं जुळलं की म्हणत, "मेळ." जुळलं नाही तर खेळ थांबे, आणि साहेबसुद्धा हात कमरेवर ठेवून उन्हात उभा राही.

साहेबाची बदली झाली तेव्हा त्याने जाताना मास्तरांना ते पुस्तक दिलं. मास्तरांनी पहिली पाच पानं शब्दकोश घेऊन वाचली आणि त्यांना कळलं की टिल्बीच्या गावातही धावा लिहून ठेवत नसत. काठीवर खाचा पाडत. धावेला ते लोक खाचच म्हणत. त्या दिवशी मास्तर शाळा सुटल्यावर तडक जालमसिंगच्या पाड्यावर गेले आणि त्याला म्हणाले, "अरे, तू इंग्लंडात जन्मला असतास तर तुझं नाव पुस्तकात आलं असतं."

जालमसिंग म्हणाला, "मग मोहाची दारू कोणी प्यायली असती, मास्तर?"

त्यानंतर मास्तरांनी ठरवलं की हे चरित्र मराठीत आणायचं. निवृत्त होऊन गावी आल्यावर आठ वर्षं ते त्याच कामावर होते. इंग्रजी बेताचं होतं, पण घाई नव्हती. पुढचं पान ते आधी वाचत नसत. सामना संपायच्या आत निकाल विचारायचा नसतो, असं त्यांचं म्हणणं. आणि प्रत्येक पान झालं की मेळ घ्यायचा. अनुसयाने मराठी वाचायचं, त्यांनी समोरचं इंग्रजी बघायचं, आणि एकही शब्द जास्तीचा किंवा उणा नाही असं पटलं की पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बरोबरची खूण करायची. "माझ्या पुस्तकात माझ्या पदरचं एक वाक्य सापडलं," ते म्हणत, "तर खुशाल ते बंबात घाला."

अनुसया त्यांची एकुलती एक मुलगी; ती त्यांना आबा म्हणायची. सोळाव्या वर्षी तिचं कपाळ पांढरं झालं, तेव्हा भाऊबंदांचं न ऐकता त्यांनी तिला पुण्याला शिकायला ठेवली. आता ती शहाद्याच्या मुलींच्या शाळेत शिकवत होती, आणि शनिवार-रविवारी गावी येऊन टिल्बी लिहून घेत होती. दोन वर्षांपूर्वी मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला. मग इंग्रजी वाचणंही तिच्याकडेच आलं. ती वाचायची, ते ऐकून मराठी सांगायचे, ती लिहायची. खूण करताना ती त्यांचं बोट धरून पानाच्या कोपऱ्यावर नेऊन ठेवायची.

गेल्या दिवाळीत शेवटचं पान आलं.

त्याच आठवड्यात मास्तर गोठ्याकडे जाताना उंबऱ्यावर अडखळून पडले होते. लागलं काही नाही, पण ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अनसू, आंधळा माणूस घरात असला की घर त्याच्या मरणाची वाट बघतं. तोंडाने कोणी म्हणत नाही, एवढंच." आणि लगेच म्हणाले, "चल, टिल्बी वाच."

तिने पान उघडलं आणि वाचण्याआधी त्यावरून नजर फिरवली. पाद्र्याने लिहिलं होतं की म्हातारपणी टिल्बीची दृष्टी गेली. चाकं करणं सुटलं. मुलाने घरात ठेवायला नकार दिला. ज्या सरदारांनी त्याच्या हातावर पैजा जिंकल्या त्यांतला एकही फिरकला नाही. गावाने त्याला गरीबखान्यात टाकलं, जिथे निराधारांना अन्नाच्या बदल्यात काम करावं लागे. तिथे तो जहाजाचे जुने दोर चाचपत उसवत बसे. तिसऱ्या हिवाळ्यात मेला. गरीबखान्याच्या वहीत त्याच्या नावापुढे एवढंच होतं : चाकं करणारा, कामातून गेलेला. तो खेळत होता हे लिहिणाऱ्याला ठाऊकच नव्हतं.

अनुसयाने वर पाहिलं. मास्तर मान तिरकी करून ऐकायला बसले होते. डोळ्यांवर साय धरल्यासारखी ती पांढरट नजर नेमकी तिच्या तोंडावर होती.

तिने वाचलं की टिल्बी आपल्या घरी, आपल्या कारखान्यात, लाकडाच्या वासात मेला. दृष्टी गेली होती, पण गाव त्याला रोज मैदानावर नेऊन बसवी आणि चेंडू कसा पडला ते त्याला आवाजावरून विचारी. सहा नातवंडं उशाशी होती. त्याला पुरलं त्या दिवशी दोन गावांनी सामना थांबवला आणि सगळे टोप्या काढून उभे राहिले.

मास्तरांच्या गालांवरून पाणी ओघळलं. "बघ," ते म्हणाले, "याला म्हणतात गाव." त्या रात्री ते पोटभर जेवले आणि दुसऱ्या दिवशी त्या पानाचं मराठी सांगितलं; मेळ तेवढा राहून गेला. पुढे महिनाभर जो भेटेल त्याला टिल्बीचा शेवट सांगत राहिले. पारावर सांगितला, न्हाव्याला सांगितला. सुरतेला जाऊन डोळे दाखवायला ते दोन वर्षं तयार नव्हते, ते त्यानंतर तयार झाले. डॉक्टर म्हणाले, "माघात या. दृष्टी येईल."

दृष्टी येईल हे ऐकून भिकुबाईंनी देवीला नारळ बोलला. अनुसयानेही हात जोडले. दृष्टी आली की आबा पहिलं काय वाचणार हे तिला माहीत होतं.

तेव्हापासून दर शनिवारी ती ठरवायची की आज सांगू. शहाद्याहून येताना बैलगाडीत वाक्यं जुळवायची. घरी आलं की आबा कोणाला तरी टिल्बीचं मरण सांगत असायचे, आणि ती पिशवी खुंटीला अडकवून चुलीकडे वळायची.

दौत पुसून ती ओसरीवर येऊन बसली.

"मराठी वाच," मास्तर म्हणाले.

तिने शेवटचं पान वाचलं. ते मान डोलवत होते.

"आता इंग्रजी."

"दिवाळीत वाचलंय की, आबा."

"दिवाळीत गोष्ट म्हणून वाचलंस. आज मेळासाठी वाच. सावकाश."

तिने हिरवं पुस्तक मांडीवर उघडलं. समोर गरीबखाना होता, आणि तोंडाने तिला पानावर नसलेलं इंग्रजी म्हणायचं होतं. ती म्हणू लागली. आधी अडखळली, मग जमलं. लाकडाचा वास आला, मैदान आलं, टोप्या आल्या. मास्तर ओठ हलवत मागोमाग शब्द म्हणत होते.

"किती नातवंडं?" त्यांनी मधेच विचारलं.

"सहा."

"आत्ता तू फोर म्हणालीस."

अनुसयाने पानावर बोट ठेवलं. "ओळ चुकली, आबा. सिक्स आहे."

"हं."

भाईदास मास्तर आयुष्यभर आकडे ऐकत आलेले. बारा वर्षांपूर्वीच्या सामन्यात कोणी किती केल्या ते अजून सांगत. अंगणात चिमण्या दशम्यांच्या परातीभोवती नाचत होत्या. भिकुबाईंनी त्यांना हाकललं. अनुसयाने पेन्सिल मास्तरांच्या हातात दिली आणि त्यांचं बोट धरून कोपऱ्यावर नेलं.

मास्तरांनी हात मागे घेतला.

"राहू दे. सुरतेहून आल्यावर करू."

"आज संपवायचं म्हणालात ना?"

"एवढी आठ वर्षं थांबला, आणखी महिनाभर थांबेल बिचारा." आणि तोंड अंगणाकडेच ठेवून ते म्हणाले, "ते पुस्तक माझ्या पिशवीत घाल. पट्टी निघाली की वेळ जायला पाहिजे काहीतरी."

तिने पुस्तक पिशवीत घातलं. पंचाखाली, पितळी तांब्याच्या बाजूला. दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा तिने ते परत काढलं. शेवटचं पान चिमटीत धरलं. मुलींच्या हातून पुस्तकाचा कोपरा दुमडला तरी ती त्यांना वर्गाबाहेर काढत असे. तिने पान सोडलं आणि पुस्तक पुन्हा पंचाखाली ठेवलं.

"काय शोधी ऱ्हायनी व तू?" भिकुबाईंनी झोपेतच विचारलं.

"काही नाही, माय. तांब्या घेतला का ते पाहत होते."

संध्याकाळी मास्तर खुशीत होते. गाडीवान धुडकूशी त्यांनी बैलांवरून थट्टा केली. जेवताना भाकरी चटणीला बुडवून म्हणाले की सुरतेत असली चटणी मिळणार नाही, तिथे चटणीतही साखर घालतात. अनुसया त्यांच्या प्रत्येक शब्दात काहीतरी शोधत होती. ओळखलं असेल का? ओळखलं असेल तर बोलत का नाहीत? नसेल ओळखलं तर खूण का केली नाही? अंथरुणावर पडल्या पडल्या तिने मनाशी मागितलं की गाडी चुकू दे, डॉक्टर रजेवर असू दे, तापीला अवेळी पाणी येऊ दे. एक महिना मिळाला तर मी सांगेन.

पहाटे धुडकूने गाडी जुंपली. भिकुबाईंनी दह्याची वाटी आणली. मास्तर नवं धोतर, कोट, टोपी घालून ओट्यावर आले. जोडा घालायला खाली बसले. एका पायात घातला आणि दुसरा हातात धरून तसेच बसून राहिले.

"आबा, घालू का मी?" अनुसयाने विचारलं.

ते खांबावर कलले. तिने त्यांना धरलं तेव्हा तिला त्यांचं सगळं वजन लागलं.

भिकुबाईंचा हंबरडा फुटायच्या आधी, धुडकू कासरा टाकून धावत यायच्या आधी, मधे एक क्षण होता. त्या क्षणात अनुसयाला मोकळा श्वास आला. तिला तो कळला. पुढच्याच क्षणी तिने तो मनातून लोटून दिला, पण आला होता हे ती विसरू शकली नाही.

तिसऱ्या दिवशी जालमसिंग डोंगरातून पायी आला. आता म्हातारा झाला होता. ओसरीच्या पायरीवर बसून राहिला. निघताना त्याने अनुसयाला विचारलं, "बाई, तो टिल्बी मरना का? मास्तर म्हणे, मरना की तुले वाचीन दाखाडसू."

"हो," ती म्हणाली. "संपलं पुस्तक."

"चांगलं मरना ना?"

तिने मान हलवली. ती हो होती की नाही, ते जालमसिंगला कळलं नसावं. तो हो समजून गेला.

तेराव्यानंतर मगन आला. मास्तरांचा विद्यार्थी, नंदुरबारात त्याचा छोटा छापखाना होता. सरांचं पुस्तक मी छापणार, फुकट छापणार, असं त्याने भिकुबाईंच्या पायाला हात लावून सांगितलं. अनुसयाने बाड त्याच्या हातात दिलं. तो उभ्या उभ्या पानं चाळत गेला.

"प्रत्येक पानावर सरांची खूण आहे," तो म्हणाला. मग शेवटच्या पानावर थांबला. "इथे नाही. राहिली असेल."

सांगायची वेळ हीच होती. भिकुबाई आत गेल्या होत्या, मगन घरचाच होता, आणि एक पान बदलायला एक दुपार पुरली असती.

"राहिली असेल," अनुसया म्हणाली.

मग तो गेल्यावर ती परसात जाऊन बराच वेळ हात धूत राहिली. आबा जिवंत असताना ती खोटं बोलली, त्याला काही कारण होतं. आता काय कारण होतं? आता ते पान छापून जाणार होतं, आबांच्या नावाने. ज्या माणसाने आयुष्यात एक खाच जास्तीची लावली नाही त्याच्या पुस्तकाचा शेवट मुलीच्या पदरचा असणार होता, आणि खोटारडे ठरणार होते ते. कोणी ते हिरवं पुस्तक मिळवून पाहिलं तर म्हणेल, मास्तराने शेवट बनवला.

सोळाव्या दिवशी गावातल्या शाळेत दुखवट्याची सभा झाली. सारवलेल्या जमिनीवर सतरंज्या, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. भिकुबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मागे दाराशी जालमसिंग, पुन्हा डोंगर उतरून आलेला. पाटील बोलले, शाळेचे हेडमास्तर बोलले. मगनने शेवटच्या पानाचे छपाईचे खिळे जुळवून त्याचा कच्चा ताव काढून आणला होता. तो म्हणाला, "उद्या सकाळी हा जुळवलेला फर्मा छापायला यंत्रावर चढवतो. त्याआधी सरांचे शेवटचे शब्द त्यांच्या गावाने ऐकावेत."

तो वाचू लागला. त्याचा आवाज चांगला होता. लाकडाचा वास आला, मैदान आलं. बायकांतून कोणीतरी पदराने नाक पुसलं. सहा नातवंडं आली. अनुसयाने सतरंजीची दशी बोटाला गुंडाळली. टोप्या आल्या आणि वाचन संपलं. पाटलांनी मान हलवून म्हटलं, "काय लिखेल शे मास्तरनी! जशे सोताच पाही उना."

"मरना ते असं मरावं," मागून जालमसिंग म्हणाला. त्याने डोळे पुसले.

"मगन," अनुसया म्हणाली. "ते पान आबांचं नाही."

कोणालाच नीट ऐकू गेलं नाही. ती उठून उभी राहिली.

"ते पान आबांचं नाही, माझं आहे. त्यांनी त्यावर खूण केली नाही. राहिली नाही, त्यांनी केली नाही. टिल्बी घरी मेला नाही. आंधळा झाल्यावर त्याच्या मुलाने त्याला बाहेर काढलं. गावाने गरीबखान्यात टाकलं. तिथे तो जुने दोर उसवत मेला. पुस्तकात असं आहे. नातवंडं, मैदान, टोप्या, हे सगळं मी बनवलं. आबांना दिसत नव्हतं, म्हणून मी खोटं वाचलं."

सभेत कुजबूज झाली. पाटील म्हणाले, "अनसू बेटा, बठ. दुखामा शे तू. मंग बोलू."

"बोलू द्या तिले," जालमसिंग म्हणाला.

मगनच्या हातातला ताव खाली आला होता. भिकुबाई मुलीकडे बघत होत्या, आणि तिला थांबवायला त्यांनी हात वर केला नाही. अनुसयाला आता सभेतलं कोणी दिसत नव्हतं. ज्या माणसाला सांगायचं होतं तो अशाच शाळांत तीस वर्षं बसला होता, आणि ती त्याच्याशीच बोलू लागली. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या माणसापर्यंत गेला.

"आबा, तुम्ही गेलात त्या पहाटे, माय रडायच्या आधी, मला बरं वाटलं. आता तुम्ही ते पान वाचणार नाही, म्हणून मला बरं वाटलं."